मनोरुग्णालयातल्या नोंदी अपुऱ्या असतील तर कायद्याने नेमकं काय होतं?

विश्रामबाग_प्रशासन (धागाकर्ता)

नमस्कार. सांगलीत विश्रामबागेतल्या एका मानसोपचार रुग्णालयाचं प्रशासन बघतो. १५ खाटा, त्यातल्या ५ व्यसनमुक्तीसाठी. दोन मानसोपचारतज्ज्ञ, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, एक समुपदेशक, आणि तळमजल्यावर रुग्णालयाचंच औषध दुकान.

काम नव्याने हाती आलंय, त्यामुळे जुन्या फायली चाळतोय. संमतीपत्रावर सही आहे, तारीख नाही. डॉक्टरांच्या रोजच्या नोंदीत चार-चार दिवस नुसतं "स्टेबल, सीएसटी". एका पेशंटला रात्री हातपाय बांधून ठेवल्याचं नर्सिंगच्या वहीत आहे, फाईलमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. समुपदेशकांच्या नोंदी त्यांच्या स्वतःच्या डायरीत.

विचारायचं असं की यावर कायद्याने काय शिक्षा होऊ शकते, कोण करतं, आणि ती डॉक्टरांवर येते की रुग्णालयावर? रिकाम्या जागा आता भरून घेतल्या तर चालेल का? डॉक्टर तेच आहेत, त्यांना आठवतंयही. शिवाय एका पेशंटचा भाऊ पूर्ण फाईलची झेरॉक्स मागतोय, वाटणीचा दावा चालू आहे म्हणे. द्यायची का?

राजवाडा_वकील, सातारा

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो, ती तातडीची आहेत. भरून घेऊ नका. आणि भावाला देऊ नका. कारणं पुढे येतील.

"नोंदी नीट नाहीत म्हणून अमुक दंड" असं एकच कलम शोधाल तर मिळणार नाही. मुख्य कायदा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६५ मध्ये आस्थापनेच्या नोंदणीच्या अटी आहेत, आणि नोंदी ठेवणं व अहवाल पाठवणं ही त्यातलीच एक अट. म्हणजे फाईल अर्धवट असणं हा नोंदणीच्या अटीचाच भंग होतो. कलम ६७ प्रमाणे दर तीन वर्षांनी प्राधिकरणाने (राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, नोंदणी तेच करतं) लेखापरीक्षण करायचं असतं. तक्रार आली तर कलम ६८ खाली मध्येच तपासणी लागते. तुमच्या त्या ५ व्यसनमुक्तीच्या खाटाही यातच येतात, कारण दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक आजार कायद्याच्या व्याख्येत घेतलेले आहेत. "आमचं केंद्र आहे, हॉस्पिटल नाही" हा बचाव अनेक जण करतात, तो टिकत नाही.

आता आकडे. कलम १०८ हे सर्वसाधारण शिक्षेचं कलम: कायद्याच्या किंवा त्याखालच्या नियमांच्या कुठल्याही तरतुदीचा पहिला भंग झाला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा भंग झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० ते ५ लाख दंड किंवा दोन्ही. हा फौजदारी मामला आहे, न्यायालयात जातो. कलम ८२ वेगळं: मंडळाने (मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ) किंवा प्राधिकरणाने दिलेले आदेश रुग्णालयाने पाळले नाहीत तर प्राधिकरण ५ लाखांपर्यंत दंड लावू शकतं आणि म्हणणं ऐकून घेऊन नोंदणीही रद्द करू शकतं. नोंदणीच नसेल तर कलम १०७: पहिल्यांदा ५,००० ते ५०,०००, दुसऱ्यांदा ५०,००० ते २ लाख, त्यापुढे दर वेळी २ ते ५ लाख. अशा बिनानोंदणीच्या ठिकाणी जाणूनबुजून काम करणाऱ्या तज्ज्ञालाही २५,००० पर्यंत दंड आहे. भरला नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

रुग्णालय कंपनीच्या किंवा भागीदारीच्या नावावर असेल तर कलम १०९ बघून घ्या. त्या वेळी कारभार ज्याच्या हाती होता तो माणूसही जबाबदार धरला जातो. म्हणजे डॉक्टर एकटे नाहीत, तुम्हीही आलात.

डॉक्टरांवर वेगळी कारवाई होते ती महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडून. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचरणाचे २००२ चे नियम अजून तेच चालू आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. २००२ च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायच्या, आणि पेशंटने, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. यातलं काहीही चुकलं तर ते गैरवर्तन ठरतं. परिषद ताकीद देते, ठरावीक काळासाठी किंवा कायमचं नाव यादीतून काढते. नाव काढलं की तेवढ्या काळात प्रॅक्टिस बंद.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात जास्त महागात पडतो तो जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दंडाच्या कलमांची कमाल मर्यादा नाही, भरपाई नुकसानीवर ठरते. वॉर्डात पेशंटने जिवाचं बरंवाईट केलं, नातेवाईक आले, आणि फाईलमध्ये त्या दिवशी आत्महत्येच्या धोक्याबद्दल विचारल्याची ओळ नसेल, तर डॉक्टरांनी तोंडी कितीही सांगितलं तरी आयोग प्रतिकूल अनुमान काढतो. लिहिलेलं नाही म्हणजे केलेलं नाही, असं धरूनच पुढे युक्तिवाद चालतो. निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं एरवी तक्रारदारावर असतं. फाईल गायब किंवा अर्धवट असली की ते तुमच्याकडे सरकतं.

आणि मागाहून भरण्याचं. चार ओळी कमी असणं ही त्रुटी आहे. जुनी तारीख टाकून त्या चार ओळी आज लिहिणं हा गुन्हा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत बनावट दस्तऐवजाचं कलम ३३६ आहे, पुरावा म्हणून सादर होऊ नये म्हणून दस्तऐवज नष्ट करण्याचं कलम २४१ आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद. १०,००० च्या दंडातून सुटायला कुणी या कलमांत पाय घालू नये.

भावाचं: कलम २३ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची माहिती गोपनीय. अपवाद मोजके: नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचाराच्या निर्णयांत पेशंटच्या वतीने नेमलेली व्यक्ती), उपचार करणारे इतर तज्ज्ञ, कुणाच्या जिवाला धोका, मंडळाचा, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा किंवा सक्षम वैधानिक प्राधिकरणाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता. भाऊ असणं हा यातला अपवाद नाही. भरतीच्या वेळी नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून कुणाचं नाव लिहिलंय ते बघा. तो हाच भाऊ असला तरी उपचारासाठी लागणारी माहिती वेगळी आणि वाटणीच्या दाव्यात पेशंटला वेडा ठरवायला मागितलेली फाईल वेगळी. त्यांना लेखी कळवा की पेशंटची लेखी संमती आणा किंवा दावा चालू असलेल्या न्यायालयातून समन्स आणा. समन्स आलं तर सीलबंद लिफाफ्यात थेट न्यायालयात द्या, पक्षकाराच्या वकिलाच्या हातात नाही.

पेशंट स्वतः मागत असेल तर चित्र उलटं. कलम २५ चा तो हक्क आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे तो नमुना अ भरून देतो आणि तुम्ही १५ दिवसांत नमुना ब मध्ये मूलभूत नोंदी देता. १५ दिवस की ७२ तास, हा वाद घालत बसू नका, ७२ तासांत देऊन मोकळे व्हा. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच रघुनाथ रहेजा प्रकरणात पेशंटचा कागदपत्रांवरचा हक्क मान्य केला आहे. एखादा भाग वाचून पेशंटला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल असं वाटलं तर तेवढाच भाग रोखता येतो, पण रोखल्याचं आणि मंडळाकडे अर्ज करता येतो हे त्याला सांगावं लागतं. सांगितलं याची पोच फाईलला लावा.

कराड_मनोविकार

वकीलसाहेबांनी सगळं मांडलंय, डॉक्टरांच्या बाजूने दोन-तीन भर.

"सीएसटी" म्हणजे आधीचंच औषध चालू ठेवा. ओपीडीत एकवेळ ठीक. भरती पेशंटच्या फाईलमध्ये सलग चार दिवस हेच असेल तर तपासणीत पहिला प्रश्न येतो की संमती देण्याची क्षमता कधी तपासली. कलम ८९ खाली पाठबळाने भरती (म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर झालेली) असलेल्या पेशंटच्या वतीने नामनिर्देशित प्रतिनिधीने उपचाराला संमती दिली असेल, तर पेशंटची स्वतःची क्षमता दर ७ दिवसांनी तपासून लिहावी लागते. कलम ९० खाली (३० दिवसांपुढची भरती) दर पंधरवड्याला. भरतीच्या वेळी दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासायचं असतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. ते दोन कागद वेगळे हवेत. एकाच कागदावर खाली दुसऱ्याची सही घेतली तर "स्वतंत्र" कुठे राहिलं?

मंडळाला कळवायच्या मुदती: कलम ८९ ची भरती स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, इतरांची ७ दिवसांत. अल्पवयीनांची कलम ८७ ची भरती ७२ तासांत. ८९ ची मुदत ३० दिवस. पुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि कलम ९०. नोंदणीकृत टपालाची पावती किंवा ईमेलची प्रत फाईललाच टाचायची. कळवलं होतं, पण पोच ऑफिसात कुठेतरी आहे, हे तपासणीत चालत नाही.

आता ते हातपाय बांधल्याचं. तुमच्या यादीतलं सगळ्यात गंभीर हेच. कलम ९७ प्रमाणे बंधन फक्त तात्काळ इजा टाळायला, दुसरा उपाय नसेल तेव्हा आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. पद्धत, स्वरूप, कारण आणि किती वेळ, हे पेशंटच्या वैद्यकीय नोंदीत लगेच लिहायचं. नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. महिन्याच्या अहवालात मंडळाला द्यायचं. एकांतात कोंडणं तर पूर्ण बंद आहे. नर्सिंगच्या वहीत "बांधले" एवढंच असेल तर कायद्याने मागितलेल्या गोष्टींपैकी जवळजवळ काहीच नाही.

चांगली नोंद कशी दिसते ते लिहून दाखवतो:

"रात्री ११.४०. पेशंटने सलाईनचा स्टँड उचलून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला मारण्याचा प्रयत्न. बोलून शांत करण्याचा प्रयत्न १० मिनिटं, तोंडी औषध नाकारलं. मानसोपचारतज्ज्ञांना फोन ११.५०, परवानगी. दोन्ही मनगटांना कापडी पट्टे, ११.५५ ला सुरू. इंजेक्शन लोराझेपाम २ मिग्रॅ. नाडी, श्वास, हातांचा रंग दर १५ मिनिटांनी, तक्ता जोडला. १२.५० ला पट्टे सोडले, मनगटांवर वळ नाही. पत्नीला (नामनिर्देशित प्रतिनिधी) १२.१५ ला फोनवर कळवलं. सही, नाव, वेळ." सकाळी डॉक्टरांची प्रतिसही, तीही सकाळचीच वेळ टाकून.

दर १५ मिनिटं हे कायद्यात लिहिलेलं नाही, कायदा सतत देखरेख म्हणतो. पण तक्त्याशिवाय सतत देखरेख दाखवणार कशी?

लिथियमवर असलेल्यांची रक्तातली पातळी, क्रिएटिनीन, थायरॉइड आणि क्लोझापाइन सुरू केल्यावर सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याच्या पांढऱ्या पेशी, हे रिपोर्ट फाईलमध्ये नसणं हा ग्राहक आयोगात वकिलांचा आवडता मुद्दा. पेशंट बाहेरच्या लॅबमधून करून येतो, रिपोर्ट घरी नेतो. ओपीडीत आकडा केसपेपरवर उतरवून घ्या, तारखेसह. पेशंटने तपासणी केली नाही तर "सांगितलं, केली नाही, धोका समजावला" हेही लिहा.

मिरज_रेकॉर्डरूम

डॉक्टरांच्या नोंदीबद्दल वर आलंच. मी कागद सांभाळण्याबद्दल सांगते, कारण तुमच्याकडे खरी गडबड तिथेच दिसते: एकाच पेशंटच्या गोष्टी चार वह्यांत.

आधी एक पेशंट, एक नंबर, एक फाईल. नर्सिंग, समुपदेशन, मानसशास्त्रीय चाचण्या, औषधाचा तक्ता, संमतीपत्रं, नातेवाइकांच्या भेटी सगळं त्याच नंबरखाली. वह्या वॉर्डच्या कामासाठी ठेवा, पण पेशंटबद्दलची प्रत्येक ओळ फाईलमध्ये असलीच पाहिजे. पानांवर क्रमांक टाका. सुटी पानं असली की मधलं पान काढलं का, हा संशय आपोआप येतो.

चूक दुरुस्त करायची तर एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी, शेजारी आजची तारीख, वेळ, छोटी सही. व्हाइटनरची बाटली वॉर्डातून बाहेर काढा, विनोद नाही करत. उशिरा आठवलेलं लिहायचं असेल तर त्या नोंदीला "उशिरा केलेली नोंद" असं डोकं द्या, आजची तारीख-वेळ टाका, आणि मजकुरात सांगा की अमुक तारखेच्या घटनेबद्दल आहे आणि माहिती कशावरून. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं हे सरळ उत्तर आहे: भरता येतं, पण जुन्या तारखेखाली नाही. आणि तपासणीची नोटीस हाती आल्यावर एकाच दिवशी साठ फायलींत अशा नोंदी टाकल्या तर त्या कितीही प्रामाणिक असोत, वाचणारा त्यांच्याकडे तसंच बघणार. जिथे खरंच आठवतंय आणि आधाराला नर्सिंगची वही आहे, तिथेच करा. बाकी रिकामं राहू द्या आणि पुढचं सुधारा.

संमतीपत्रावर तारीख नाही, त्याचंही तेच. मागची तारीख घालू नका. पेशंट अजून उपचारात असेल तर आज नवं संमतीपत्र घ्या, आजच्या तारखेचं.

किती वर्षं ठेवायच्या, हे कुणी विचारलं नाही पण लगेच विचारलं जाईल. ३ वर्षं ही किमान. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं, तीही उशीर माफ होऊन वाढते. अल्पवयीन किंवा मनाने अक्षम माणसाच्या बाबतीत मुदत कायद्याचं कलम ६ पुढे करून मुदत सुरूच झाली नव्हती असं म्हणता येतं. त्यामुळे मानसोपचारात ३ वर्षांनी रद्दीत घालणं धोक्याचं. माझा सल्ला: शेवटच्या भेटीपासून १० वर्षं, लहान मुलांचं २१ पूर्ण होईपर्यंत तरी, आणि पोलीस केस किंवा दावा असलेली फाईल निकाल आणि अपिलं संपेपर्यंत. नष्ट करताना यादी करा, दोघांच्या सह्या घ्या, श्रेडरमधून काढा. भंगारवाल्याला किलोवर घातलेल्या फायलींमधून भेळ बांधून गेली तर कलम २३ चा भंग कुणी केला हे शोधायला वेळ लागत नाही.

पोलीस आले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालची लेखी नोटीस बघा. तोंडी मागणीवर काही देऊ नका, हे विनयाने सांगता येतं. आवक नंबर टाका, पानं मोजून साक्षांकित झेरॉक्स द्या, पोच घ्या. मूळ फाईल जप्तच करत असतील तर आधी तिची पूर्ण झेरॉक्स काढून ठेवा आणि जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

तासगाव_औषधी

दुकान रुग्णालयाचंच आहे म्हणालात म्हणून. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम हे सगळे शेड्यूल एच१ मध्ये आहेत, म्हणजे औषध नियमांतल्या कडक नोंदीच्या यादीत. वेगळं रजिस्टर लागतं: लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ३ वर्षं ठेवायचं. मिथाइलफेनिडेट, केटामिन हे शेड्यूल एक्स, म्हणजे त्याहून कडक यादी, त्याला वेगळा परवाना, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात २ वर्षं.

औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २८अ प्रमाणे नोंदी न ठेवल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा किमान २०,००० दंड किंवा दोन्ही, शिवाय अन्न व औषध प्रशासन परवाना निलंबित करतं. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचा परवाना असेल आणि हिशेब ठेवला नाही तर त्याचं कलम २६ लागतं, ३ वर्षांपर्यंत.

गडबड होते ती वॉर्डात. दुकानातून वॉर्डाच्या नावावर दहाची पट्टी जाते, चार गोळ्या पेशंटला लागतात, उरलेल्या सहा ट्रेमध्ये. दुकानाचा साठा जुळतो, वॉर्डाचा जुळत नाही. व्यसनमुक्तीच्या खाटा असलेल्या ठिकाणी या सहा गोळ्या कुठे गेल्या हाच प्रश्न विचारतात. पाळी बदलताना दोन सिस्टरनी मिळून मोजा आणि दोघींनी सही करा. फुटलेल्या अँप्यूलचीही नोंद हवी.

विश्रामबाग_प्रशासन

सगळ्यांचे आभार, विशेषतः मिरजेच्या ताईंचे. व्हाइटनर आजच बाहेर काढलं. समुपदेशकांच्या डायरीबद्दल अजून शंका आहे. त्यांचं म्हणणं, सत्रात पेशंट जे बोलतो ते खासगी, ते फाईलमध्ये ठेवणार नाही. त्यांनी नेटवरून उतरवून घेतलेल्या फॉर्मवर "हिपा" लिहिलंय आणि त्यात सत्राच्या नोंदी वेगळ्या ठेवायची सोय आहे म्हणतात.

शाहूपुरी_समुपदेशन

हिपा हा अमेरिकेचा कायदा. तिथे थेरपिस्टच्या खासगी नोंदींना बाकी फाईलपेक्षा वेगळं संरक्षण आहे, हे खरं. आपल्याकडे तशी वेगळी वर्गवारी नाही. डायरीत लिहिलं म्हणून न्यायालय ती मागवू शकत नाही, असं काही नाही. तेव्हा तो फॉर्म काढून टाका.

आपल्या २०१८ च्या नियमांमधल्या किमान नोंदींच्या नमुन्यात थेरपीच्या सत्राचाही नमुना आहे: सत्र क्रमांक, तारीख, किती वेळ, कोण हजर होतं, वैयक्तिक की कौटुंबिक, उद्देश, मुख्य मुद्दे, वापरलेलं तंत्र, थेरपिस्टची निरीक्षणं, पुढची योजना. एवढं फाईलमध्ये गेलं की पुरे. "सासूबद्दल राग व्यक्त केला, झोप ४ तास, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार विचारले, नाही म्हणाल्या" ही नोंद. सासूने नेमकं काय म्हटलं, कुणासमोर म्हटलं, याचे संवाद लिहायची गरज नाही, उद्या घटस्फोटाच्या दाव्यात तेच वाचले जातात. पण धोक्याचं काही असेल तर ते गाळायचं नाही, अगदी पेशंटने "लिहू नका" म्हटलं तरी. सत्रात लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत. कधी आणि कुणाला कळवलं हे फाईलमध्ये हवंच.

तुमच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी चालू आहे ना, तेही बघा. बुद्ध्यांकाच्या दाखल्यामागची मूळ चाचणीपत्रिका जपून ठेवायला सांगा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी दिलेल्या आकड्यावर आक्षेप येतो तेव्हा अहवालाच्या मागचे गुण मागतात, आणि नेमकी तीच पानं सापडत नाहीत.

राजवाडा_वकील, सातारा

दाखल्यांचा विषय निघाला म्हणून: २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी वैद्यकीय प्रमाणपत्रांचं स्वतंत्र रजिस्टर ठेवायचं, त्यात पेशंटची सही किंवा अंगठा, पत्ता, एक ओळखीची खूण, आणि दिलेल्या प्रमाणपत्राची प्रत. मानसोपचारात हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त उपयोगी रजिस्टर. न तपासलेल्या माणसाचा दाखला दिल्याचा आरोप आला की तेच वाचवतं किंवा तेच अडकवतं. खोट्या दाखल्याला न्याय संहितेचं कलम २३४ आणि परिषदेकडून नाव काढणं, दोन्ही आहे.

संगणकावर नोंदी असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि कोणी कधी बदल केला याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर हवं. एक्सेलमध्ये तो माग नीट राहत नाही. सगळ्यांचा एकच पासवर्ड असेल तर सॉफ्टवेअर असूनही उपयोग शून्य. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंड हा आकडा मोठ्या कंपन्या डोळ्यासमोर ठेवून असला तरी कायद्यात छोट्या रुग्णालयाला सरसकट सूट नाही. पेशंटचे केसपेपर व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं आत्तापासूनच बंद करा.

विश्रामबाग_प्रशासन

एक राहिलंच. २०१९ च्या पुरात भिजलेल्या फायलींचे दोन ट्रंक माळ्यावर आहेत. अर्ध्या वाचता येत नाहीत. त्यांचं काय करायचं? त्या गेल्या म्हणून दंड लागेल का?

मिरज_रेकॉर्डरूम

पुराने गेलेल्या कागदांसाठी कुणी शिक्षा करत नाही, पण पुराने गेले हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. त्या वेळचा तलाठ्यांचा पंचनामा, विम्याचा सर्व्हे, फोटो, जे असेल ते शोधून त्या ट्रंकसोबत ठेवा. मग ट्रंक उघडून यादी करा: नंबर, नाव, भरतीचं वर्ष, किती पानं वाचता येतात. पूर्ण गेलेल्या फायलींचीही यादी, भरतीच्या रजिस्टरवरून. ही यादी नसेल तर पुढे कुठलीही गहाळ फाईल "पुरात गेली" म्हणावी लागते आणि ते कुणी मानत नाही. २०२१ मध्ये भरती झालेल्या पेशंटची फाईल २०१९ च्या पुरात गेली, असं उत्तर तयार व्हायला वेळ लागत नाही.

चिकटलेली पानं उन्हात टाकू नका, कडक होऊन तुटतात. पंख्याखाली, मध्ये कोरा शोषक कागद घालून, रोज कागद बदलत सुकवा. बॉलपेनची शाई बऱ्यापैकी टिकलेली असते, जेल पेनची वाहून जाते, म्हणून वॉर्डात यापुढे जेल पेन नको. बुरशी असेल तर मास्क, हातमोजे. सुकल्यावर लगेच स्कॅन, दोन प्रती, एक इमारतीबाहेर.

चालू फायली तळमजल्यावर असतील तर पावसाळ्याआधी वर न्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की हलवायला सुरुवात करायची, ४५ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. २०१९ ला ते ५७ च्या पुढे गेलं होतं. कोणी काय उचलायचं हे कागदावर आधी लिहून ठेवा. पहिल्यांदा चालू पेशंटच्या फायली, मग एच१ रजिस्टर, प्रमाणपत्रांचं रजिस्टर आणि पोलीस केसची कपाटं.